‘गॉड गिफ्ट’ आणि ‘मेहनत’ वेगळे करून दाखवणाऱ्या फुटबॉलच्या सरांना

आदरणीय सर,

२०१७ साली सतरा वर्षांखालील फुटबॉल विश्वचषकात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला आणि पेठापेठांतल्या आईबापांना आपापल्या पोराच्या पायात जादू दिसायला लागली. गोल झाला की ‘गॉड गिफ्ट हाय’, नाही झाला की ‘मेहनत कमी पडतीया’. ही दोन्ही वाक्यं तुम्ही आमच्या तोंडातून काढून घेतलीत, त्याबद्दल मनापासून आभार. पत्र जाहीर एवढ्यासाठी, की बाकीच्या तालमींच्या, म्हणजे पेठांतल्या फुटबॉल संघांच्या, पालकांनाही त्याचा उपयोग व्हावा.

सगळ्यात आधी जन्ममहिन्याचा तक्ता. वयोगट १ जानेवारीपासून मोजतात. त्यामुळे जानेवारीतलं पोर आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरातलं पोर एकाच संघात येतात. अकराव्या वर्षी तेवढ्या फरकात चार-पाच सेंटिमीटर उंची सहज जाते. थोरलं पोर खांदा देऊन बॉल काढतं, ते ‘उपजत’ ठरतं, त्यालाच जास्त मॅच मिळतात आणि मग ते खरंच पुढे निघून जातं. युरोपातल्या अकादम्यांतही कट-ऑफनंतरच्या, म्हणजे वयोगट मोजायच्या तारखेनंतरच्या, पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचीच गर्दी असते. क्रोएशियाच्या लुका मॉड्रिचला लहानपणी तिथल्याच हायदुक स्प्लिट क्लबने अंगकाठी बघून नाकारलं होतं. जगातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूला मिळणारा बॅलन डी’ऑर २०१८ साली त्याने घेतला. निवडीच्या यादीत नावापुढे महिना लिहायचा आणि सरावात अधूनमधून वयाऐवजी उंची-वजनावर गट पाडायचे, यात खर्च शून्य आहे.

मग भिंतीवर पास मारायचा सराव. ग्राउंडला फेऱ्या मारून दम वाढतो, पास सुधारत नाही, हे आता पटलंय. भिंतीपासून चार-पाच मीटर अंतर. टेकलेला पाय बॉलच्या शेजारी, वीतभर लांब, बोटं पास द्यायच्या दिशेला. मारणाऱ्या पायाचा घोटा ताठ, आणि पावलाच्या आतल्या बाजूने बॉलच्या मधोमध. टेकलेला पाय मागे राहिला तर अंग मागे झुकतं आणि बॉल उडतो. घोटा सैल पडला तर बॉलमध्ये जोरच राहत नाही. शंभर उजव्याने, शंभर डाव्याने. पण घोटा सैल पडायला लागला की आकडा सोडून थांबायचं, कारण सैल घोट्याने हजार पास मारले तर सैल घोटाच पक्का होतो. बॉलही बारा वर्षांपर्यंत चार नंबरचाच. पाच नंबरचा ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. तो ढकलायला लहान पोर सगळं अंग मागे टाकतं आणि तीच सवय लागते.

शाहू स्टेडियमवर ड्रिब्लिंगला, म्हणजे बॉल पायाशी ठेवून चकवत नेण्याला, शिट्ट्या पडतात, मान वळवणाऱ्याला कोण टाळी देणार? तुम्ही दिलीत. पास निघाला की मागे उभ्या असलेल्या पोराने लाल किंवा पिवळा बिब (सरावाचं बिनबाह्यांचं जॅकेट) वर करायचा. बॉल घेणाऱ्याने खांद्यावरून मागे बघून, बॉल पायाने अडवण्याआधी, रंग ओरडायचा. उशीर झाला तर पास बाद. ज्याला आपण कौतुकाने ‘नजर’ म्हणतो, तिचा बराच भाग या खेळात घडतो, असं आमचं स्पष्ट मत झालंय.

आणि खोटी आशा लावली नाहीत, हे तर विशेष. पहिल्या तीन पावलांचा झपाटा सरावाने सुधारतो, पण फ्रान्सच्या एम्बापेसारखा वेग शिकवून येत नाही, हे तुम्ही पालकांच्या सभेत तोंडावर सांगितलंत. काही चेहरे पडले. पण वेग नसलेल्या पोरांना विंगवरून (मैदानाच्या कडेवरून) काढून मिडफिल्डला (मधल्या फळीत) आणलंत, घरी पाठवलं नाहीत.

गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यावर दुखणाऱ्या पोरांना थांबवलंत त्याचेही आभार. उंची झपाट्याने वाढताना मांडीचा स्नायू तिथेच ओढ देतो. उड्या आणि स्प्रिंट कमी करायच्या, दुखणं टिकलं तर डॉक्टरांना दाखवायचं. पेनकिलर देऊन मॅचला उतरवण्याला ‘मेहनत’ म्हणत नाहीत, हे इथे कोणीतरी मोठ्याने म्हणायला हवंच होतं.

आपले नम्र,
बारा वर्षांखालील मुलांचे पालक, कोल्हापूर

ता. क. चार नंबरचे नवे बॉल आलेत. मैदान उन्हाने टणक झालंय, म्हणून व्हॉल्व्हजवळ छापलेल्या हवेच्या दाबाच्या दोन आकड्यांपैकी खालच्या आकड्याइतकीच हवा भरतोय. पंपाचा गेज क्लबच्या कपाटात ठेवलाय.