लाल पेनने वाचलेला बायोडेटा

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला बायोडेटा मिळाला. पहिल्यांदा बाप म्हणून वाचला आणि छाती फुगली. दुसऱ्यांदा लाल पेन घेऊन बसलो. दोन पानांत एकोणीस लघुरूपं निघाली आणि 'आम्ही' चौदा वेळा. मग ते कागद तुझ्या आईपुढे ठेवले. आयुष्यभर फौजी माणसांच्या गप्पा ऐकलेली बाई ती. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "हे सगळं ठीक आहे, पण ही करते काय?"

नोकरी देणाऱ्यालाही हाच प्रश्न पडणार. फक्त तो विचारत बसणार नाही, कागद बाजूला सरकवेल.

वर्दी उतरवायला तुला अजून दहा महिने आहेत. मला तेवढेच मिळाले होते आणि मी ते निरोपसमारंभांत घालवले. बाहेर पडल्यावर बघू, हा आपल्या लोकांचा लाडका बेत. पहिल्या मुलाखतीला मी बूट चमकवून, वीस मिनिटं आधी हजर. समोरच्या गृहस्थांनी विचारलं, "भांडारातली तूट कमी केलीत म्हणता, ती कशी?" मी म्हणालो, "आमच्या युनिटने मोजणीची नवी पद्धत बसवली." "त्यात तुम्ही काय केलंत?" "सर, सगळ्यांनी मिळून केलं." त्यांनी आणखी एकदा, वेगळ्या शब्दांत तेच विचारलं. मीही तेच उत्तर दिलं. त्यांनी वही मिटली. त्यांच्या लेखी हा माणूस तिथे नुसता हजर होता.

खरं तर रात्ररात्र बसून ती लेजरं नव्याने आखणारा मीच होतो. पण 'मी' म्हणायचं म्हणजे सोबत्यांचं श्रेय लाटायचं, हे हाडात मुरलेलं. तुझंही तेच झालंय, चौदा खुणा साक्षीला आहेत. "माझ्या हाताखाली बारा जण होते, मोजणीचा क्रम मी बदलला, तो त्यांनी राबवला," असं म्हटलं तर कुणाचंच काही जात नाही. हे वाक्य मला सुचायला चार वर्षं लागली.

आता तुझ्या कामाकडे येतो. तू लिहिलंस, 'दारूगोळा भांडाराची देखरेख'. वाचणारा म्हणेल, आमच्याकडे कुठे तोफगोळे आहेत? पण तू रोज जे करतेस ते बाहेर हजार ठिकाणी लागतं. धोकादायक मालाची संयुक्त राष्ट्रांची वर्गवारी तुला तोंडपाठ आहे. एकूण 9 वर्ग. पहिला स्फोटकांचा, तुझा रोजचा. पेट्रोल तिसऱ्यात, त्याचा संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक 1203. लिथियम बॅटऱ्या नवव्यात. रंगाचा कारखाना, बॅटऱ्यांचं गोदाम, रसायनांची वाहतूक, विमानाचा कार्गो, सगळे याच नऊ खणांत माल बसवतात. कुठला माल कुणाशेजारी ठेवायचा नाही हे तू झोपेतही सांगशील, आणि बाहेर त्यासाठी माणसं मिळता मिळत नाहीत. तेव्हा लिही: धोकादायक मालाची साठवण, विलगीकरण आणि वाहतूक. इतक्या वर्षांत तुझ्या भांडारात एकही अपघात नाही, ही ओळ तू दुसऱ्या पानावर सगळ्यांत शेवटी का लपवलीस ते मला अजून कळलेलं नाही. ती सर्वांत वर घे.

विमानाने जाणाऱ्या धोकादायक मालाचं प्रशिक्षण घेणार असशील तर घाई करू नकोस. ते दर 24 महिन्यांनी पुन्हा करावं लागतं. आत्ता केलंस तर जवळजवळ निम्मी मुदत वर्दीतच संपेल. शेवटच्या दोन-तीन महिन्यांसाठी ठेव. ज्या परीक्षांना मुदत नाही, त्या मात्र आत्ता दे. वर्दीत असताना संध्याकाळ तरी मिळते. नव्या नोकरीच्या पहिल्या वर्षात तीही मिळत नाही.

तुला कुणीतरी सांगेलच की फौजेतलं शहाणपण बाहेर चालत नाही. मलाही सांगितलं होतं. 30 ऑक्टोबर 1935 ला अमेरिकेच्या राइट फील्डवर बोइंगचं मॉडेल 299 हे नवं बॉम्बर विमान उड्डाण करताच कोसळलं. यंत्रात बिघाड नव्हता. जमिनीवर असताना वाऱ्याने सुकाणूचे भाग हलू नयेत म्हणून लावलेला अडसर काढायचा राहिला होता. मग वैमानिकांनी उड्डाणापूर्वी तपासायच्या गोष्टींची यादी केली. पुढे 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेसाठी 19 मुद्द्यांची यादी काढली, तिचं कूळही तेच. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणी तिला लष्करी म्हणत नाही. आपलं पुष्कळ काही असं आधीच बाहेर जाऊन बसलंय, पण नाव बदलून. तुझ्या कागदालाही तेच करायचंय.

एक मात्र जपून. सरावानंतर गोल बसून, हुद्दा बाजूला ठेवून कोण कुठे चुकलं ते तोंडावर सांगायची आपली रीत कंपन्यांनाही आवडते, निदान त्या तसं म्हणतात. मी ती पहिल्या नोकरीच्या पहिल्याच महिन्यात जशीच्या तशी वापरली. दोन सहकारी पुढे आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते.

ती नोकरी मी अकरा महिन्यांत सोडली. कंपनीची चूक फारशी नव्हती. माझा वरिष्ठ माझ्याहून आठ वर्षांनी लहान होता आणि मी आत गेल्यावर कुणी उभं राहत नसे, हे दोन्ही गिळायला जड गेलं. एकदा एका मुलाला म्हणालो, "उद्या सकाळपर्यंत हवंय." तो म्हणाला, "का?" त्याला उद्धटपणा करायचा नव्हता, खरंच कारण हवं होतं. मी मात्र असं बघितलं की तो बिचारा गप्पच झाला. नीट आठवलं तर चांगले अधिकारी फौजेतही हुकमाआधी हेतू सांगतात. मला तो सांगायची सवय सुटली होती, आणि बाहेर ती चूक झाकली जात नाही. पहिली नोकरी टिकली नाही तर त्याचं सुतक धरू नकोस. आपल्यातल्या पुष्कळांची टिकत नाही. दुसरी निवडताना माणूस शहाणा झालेला असतो.

कागदावर ठिकाणांची नावं नकोत, साठ्याचे आकडे नकोत. जे लिहिशील ते तिथल्या वरिष्ठांना दाखवून घे, म्हणजे नंतर घोर नको.

आणि तुझे कान. फोनवर तू हल्ली दोनदा विचारतेस, हे आईच्या आधी माझ्या लक्षात आलं होतं, आता तिच्याही आलंय. कानात सतत घणघण होत असेल तर बाहेर पडण्याआधी तपासून घे आणि ते वैद्यकीय फाइलमध्ये नोंदवून घे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या नुकसानभरपाईच्या दाव्यांत हाच त्रास सर्वांत वर असतो, म्हणजे तू एकटी नाहीस. सेवेत असताना झालेली नोंद आणि बाहेर पडल्यावर काढलेला कागद यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. माझ्या गुडघ्याची नोंद मी केली नाही. "किरकोळ आहे, सर," म्हणालो. आज जिना चढताना त्या किरकोळाची रोज आठवण होते.

एकरकमी पैसे हातात येतील तेव्हा वर्षभर त्यांना हात लावू नकोस. जुने ओळखीचे, फार गोड बोलणारे, त्याच महिन्यात फोन करतात. त्यांना माझा नंबर दे.

एवढं झालं की त्या बायोडेटाकडे पुन्हा बस. लघुरूप आलं की पूर्ण लिही, आणि पूर्ण लिहूनही बाहेरच्याला कळत नसेल तर काम काय होतं ते साध्या भाषेत सांग. हुद्द्यापुढे किती माणसं, किती जबाबदारी, ते लिही. दुसरं पान तसंही निम्मं रिकामं आहे.

नवा कागद मला पाठवू नकोस, आईला पाठव. लाल पेन आता तिच्याकडे दिलंय.

तुझे,
बाबा