बाबांच्या खदानीतल्या ठिपक्यांच्या दगडाबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

आई, तू पाठवलेले साक्रीकडच्या खदानीतल्या दगडांचे फोटो मोठे करून पाहिले. बाबा, पहिल्या दगडावरची काळी नक्षी फर्नची नाही. भेगेत झिरपणाऱ्या पाण्यातून मँगनीज साचून तिला असे फाटे फुटतात. पानाची मधली शीर तिच्यात कुठेच नाही.

दुसरा, ठिपक्यांचा दगड मात्र जपून ठेवा. ते ताडवर्गातल्या झाडाचं खोड असू शकतं. हजार अंशांवर तापलेल्या लाव्ह्यात लाकूड जळून जातं, पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये तळी साचली. त्यांच्या गाळात पुरलेल्या खोडांत सिलिका, म्हणजे गारेचं कठीण खनिज, भरली. मध्य प्रदेशात छिंदवाड्याच्या मोहगाव कलानला अशी खोडं सापडली आहेत.

फसगत होते ती इथे: लाव्ह्याच्या तळाशी वाफेच्या नळ्या राहतात आणि त्यांत झिओलाइट नावाचं पांढरं, मऊसर खनिज भरतं. तिथेही तोंडावर ठिपके, बाजूने रेघा. ताडाचे ठिपके साधारण एक मिलिमीटरचे, जवळजवळ सारखे आणि दाट. केरसुणी बुंध्याकडून पाहावी तसे. नळ्या जाड-बारीक, पेन्सिलीएवढ्यासुद्धा, आणि कुठे कुठे दोन नळ्या वर जाऊन एक होतात. दहापटीचं भिंग घ्या, दगडाचं तोंड ओलं करा आणि पाहा. मग एका कोपऱ्यातल्या ठिपक्यावर चाकूचं टोक ओढा. झिओलाइटवर ओरखडा उठतो. सिलिकावर चाकूचंच लोखंड करड्या रेघेसारखं उमटतं. लोक तिलाच ओरखडा समजतात, म्हणून ओल्या बोटाने घासून पाहा.

धुवायला फक्त पाणी आणि जुना मऊ टूथब्रश. तारेचा ब्रश, तेल, अ‍ॅसिड काही नको, आणि आत काय आहे म्हणून फोडू तर अजिबात नका.

दगडाइतकीच त्याची जागा महत्त्वाची. क्रशरच्या ढिगातून उचललेला असेल तर मुकादमाला विचारा, माल कोणत्या बाजूचा होता. खदानीच्या त्या बाजूच्या भिंतीत हिरवट-राखाडी गाळाचा पट्टा दिसतो का आणि तळापासून किती फुटांवर, ते लिहून ठेवा. नुसता लाल मातीचा पट्टा म्हणजे तळं नव्हे. भिंतीखाली उभे राहू नका, सुरुंगाच्या दिवशी तर जाऊच नका. लांबून फोटो पुरे.

झाडाची जात ठरवायला दगडाची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती घासून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागते. ते काम भूशास्त्र विभागाच्या प्रयोगशाळेतच होतं. आई, त्याआधी दगडाच्या तोंडाचा आणि बाजूचा असे दोन फोटो सकाळच्या तिरप्या उन्हात काढ, शेजारी स्टीलची पट्टी ठेवून.

तुमची,
ताई