फुग्याने नापास केलं

प्रिय भवाने,

तुझे तीन मेसेज आणि ती लांबलचक व्हॉइस नोट पाच महिने तशीच पडलीय. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच. आपल्या चौघींच्या ट्रिपला मी ऑडिटचं कारण दिलं ना, ते खोटं होतं. ऑडिट बिडिट काही नव्हतं. एक खोली, एक टॉयलेट, माझं ते जुनं बद्धकोष्ठ, बाहेर तुम्ही तिघी खिदळताय आणि मी आत पाऊण तास, हे डोळ्यांसमोर आलं आणि तिकीट कॅन्सल केलं. तुला हे फोनवर सांगायला तोंड होईना म्हणून फोनच नाही केला.

आता परवाचं ऐक. हसू नकोस. नाही, हस, तुझ्याशिवाय यावर हसणार कोण. एक टेस्ट असते, मागून छोटा फुगा आत सोडतात, त्यात ५० मिली पाणी भरतात आणि टॉयलेटवर बसवून म्हणतात, ढकला बाहेर. मिनिटभरात निघायला हवा. मी घामाघूम, दाराबाहेर नर्स घड्याळ लावून उभी आणि फुगा ढिम्म हलेना. आयुष्यात एका विषयात नापास झाले नाही मी, गणितातही नाही (तुझ्यासारखी), आणि बेचाळिसाव्या वर्षी एका फुग्याने घात केला.

त्याआधी बारीक नळी घालून दाबही मोजला होता. त्यात कळलं की मी जोर लावते तेव्हा खालचा स्नायू सैल पडायचा तो उलट आवळला जातो. म्हणजे वरून ढकलायचं आणि खालून आपणच कडी लावायची. इतकी वर्षं कोलोनोस्कोपी नॉर्मल, थायरॉइड नॉर्मल, कॅल्शियम नॉर्मल, आणि मी मात्र रडकुंडीला. मागच्या एका डॉक्टरने तर टेन्शन कमी करा म्हणून दोन मिनिटांत बाहेर काढलं होतं.

आणि तूही तेच म्हणाली होतीस, विसरले नाहीये मी. "रोज झालंच पाहिजे हा हट्ट आहे तुझा, सगळं डोक्यात आहे." त्यावर दीड महिना अबोला धरला होता. तर अर्धं तुझं बरोबर, दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, एवढ्यात काहीही असलं तरी नॉर्मलच धरतात. पण माझा प्रश्न किती वेळा होते हा नव्हताच गं. कुंथणं, खडे आणि उठल्यावरही आत काहीतरी राहिलंय असं वाटणं. डॉक्टर बद्धकोष्ठ ठरवायला वापरतात त्या २०१६ च्या निकषांत असलीच लक्षणं आहेत, त्यातली दोन जरी चारातल्या एका खेपेपेक्षा जास्त वेळा, तीन महिने होत असतील आणि सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असेल तर बद्धकोष्ठ म्हणून मोजतात. सहा महिने! मी म्हटलं डॉक्टर, हॉस्टेलपासून धरा.

मूर्खपणा बघ, मी वर्षानुवर्षं इसबगोल वाढवत होते, पोट ढोलासारखं फुगायचं. दार बंद आणि मागे गर्दी वाढवायची. आता पॉलीइथिलीन ग्लायकॉलची पावडर घेते, ती आतड्यात पाणी धरून ठेवते. सवय लागेल या भीतीने आधी दोनदा प्रिस्क्रिप्शन फाडलं होतं. लोहाच्या गोळीनेही घट्ट होतं हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं. बाकी पायाखाली स्टूल, गुडघे कमरेच्या वर, जोर न लावता पोटातून श्वास, दहा मिनिटांत नाही झालं तर उठायचं, मोबाइल बाहेर. मोबाइलचं सगळ्यात अवघड जातंय. शिवाय डायरीत रोज नंबर लिहायचा, चित्रांचा तक्ता आहे, १ म्हणजे सुटे कडक खडे, ७ म्हणजे नुसतं पाणी, ३-४ आलं की मी मनातल्या मनात पेढे वाटते.

पुढच्या आठवड्यात बायोफीडबॅक सुरू. सेन्सर लावतात, स्क्रीनवर त्या खालच्या स्नायूच्या ताणाची रेघ दिसते, ढकलताना ती खाली यायला पाहिजे. बऱ्याच जणांना गुण येतो म्हणाले. शी कशी करायची याचा क्लास, लाव कपाळाला हात.

पण झोप उडालीय ती वेगळ्याच गोष्टीने. डॉक्टरांनी विचारलं, पूर्वी दाबून ठेवायची सवय होती का? आणि मला एकदम हॉस्टेलमध्ये तू दार बडवताना आठवलीस, "मेलीस का आत?", मागे आठ जणींची रांग. तुझ्यावर ढकलत नाहीये (हसलीस ना), यामागचं नेमकं कारण बऱ्याचदा सापडतच नाही म्हणे. पण आमचं पिल्लू शाळेत टॉयलेटला जातच नाही, दिवसभर धरून ठेवते, चार-चार दिवस होत नाही, मग दुखतं म्हणून अजून धरते. मुलांमध्ये बहुतेक वेळा हे असंच सुरू होतं. आणि मंगळवारी ती आत बसलेली असताना मीच बाहेरून ओरडले, "अजून किती वेळ?" अगदी तुझ्या आवाजात. आतून एकदम शांत. मग दाराबाहेर फरशीवर बसून म्हटलं, सावकाश होऊ दे गं, मला घाई नाही. माझे पाय थरथरत होते. तिला डॉक्टरांकडे न्यायचंय, ती नाही म्हणते, लाज वाटते. तुझं ती ऐकते. बोलशील?

तुझ्या नव्या जॉबचं कळलं, मस्तच, आणि आईंचा गुडघा कसा आहे? व्हॉइस नोट आज रात्री नक्की ऐकते. माझी बाकी तब्येत बरी, चष्म्याचा नंबर वाढला.

पुढच्या महिन्यात आम्ही दोघी तुझ्याकडे येतोय. नव्या घरात टॉयलेट किती आहेत तेवढं आधी कळव.

तुझीच,
आतली