शरणपूरच्या जुन्या विवाहनोंदवह्या वाळवीच्या आधी वाचवा

संपादक महोदय,

केनियातील वोईजवळच्या डोंगराळ भागात एका मिशन दवाखान्यात परिचारिका म्हणून तीन वर्षे सेवा करून मी नुकतीच नाशिकला परतले. परतण्याच्या आदल्या पंधरवड्यात मोम्बासाला एका लग्नाला जाण्याचा योग आला. तिथे मला एक प्रश्न विचारला गेला आणि त्याचे उत्तर असलेच तर ते आपल्या नाशिकच्या शरणपुरात आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मिशनसेवेचे शेवटचे दिवस सोपवासोपवीचे असतात. औषधांचा साठा मोजून द्यायचा, लसींच्या फ्रीजच्या तापमानाची वही नव्या बाईंना समजावून सांगायची, उपचार चालू असलेल्या रुग्णांच्या घरी जाऊन त्यांची आणि नव्या बाईंची ओळख करून द्यायची. अशा वेळी केंद्र सोडून जाऊ नये, हा तिथला संकेत मला मान्यच होता. परंतु नवरी माझ्याच हाताखाली तयार झालेली मुलगी होती आणि तिची आई दीडशे किलोमीटरवरून स्वतः बोलावणे करायला आली होती. तेव्हा नव्या बाईंना दोन दिवस आधी बोलावून घेतले, शुक्रवारी रात्री उशिरापर्यंत मोजणी उरकली आणि शनिवारी पहाटे मटाटूने (तिथल्या प्रवासी मिनीबसने) मोम्बासा गाठले. निरोपाच्या धांदलीत हे लग्न चुकवले असते, तर तीन वर्षांतली सर्वांत मोलाची भेट हुकली असती.

लग्न फ्रिअर टाऊनच्या चर्चमध्ये होते. हा भाग मोम्बासा बेटाच्या समोर, न्याली पुलापलीकडे आहे आणि शेजारच्या चौकाला केंगेलेनी म्हणतात. स्वाहिलीत केंगेले म्हणजे घंटा. गुलामांचे व्यापारी आल्याची सूचना देण्यासाठी बांधलेला घंटेचा मनोरा अजून रस्त्याकडेला उभा आहे. उपासना स्वाहिलीत झाली. शब्द सगळे कळले नाहीत, तरी विधीचा क्रम आपल्यासारखाच असल्यामुळे कुठेही चुकल्यासारखे वाटले नाही. वधू-वर नोंदवहीवर सही करायला बसले, तर पेन उठेना. पाळकांनी ते तळहातावर घासून पाहिले, मग साक्षीदाराने खिशातले दुसरे काढून दिले, आणि नवरीने सही करताच मागच्या बाकांवरच्या बायकांनी जिभा हलवून असा काही उंच आनंदनाद केला की माझ्या अंगावर काटा आला.

जेवणाच्या वेळी (पिलाव होता आणि त्याच्याबरोबर कचुंबारी, म्हणजे आपली कांदा-टोमॅटोची कोशिंबीरच) नवरीचे आजोबा माझ्याशेजारी येऊन बसले. मी नाशिकची आहे हे त्यांना नातीने सांगितले होते. ते म्हणाले, “माझ्या पणजोबांचे लग्न तुमच्या गावी लागले, असे आमच्या घरात सांगत आले आहेत. ज्या वहीत त्यांची नोंद असेल, ती अजून आहे का?” शरणपूर हे नाव त्यांनी जवळजवळ आपल्यासारखेच उच्चारले. मला उत्तर देता आले नाही. माझे स्वतःचे लग्न 1984 साली शरणपूरच्याच चर्चमध्ये लागले, तिथल्या वहीत माझी सही आहे, आणि तिच्या मागच्या वह्या कुठे आहेत हे मी चाळीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

त्यांचे घराणे नाशिकशी कसे जोडले गेले, हे इथे सांगायला हवे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश नौदलाने अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडून सोडवलेल्या आफ्रिकन मुलांपैकी अनेकांना मुंबईहून शरणपूरला, चर्च मिशनरी सोसायटीच्या वसाहतीत आणले जाई. तिथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी आणि लोहारकाम शिकली. 1866 साली आफ्रिकेचे प्रसिद्ध शोधप्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन अखेरच्या प्रवासाला निघाले, तेव्हा त्यांच्या तुकडीत नाशिकची नऊ मुले होती. 18 एप्रिल 1874 रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत त्यांचे दफन झाले, त्या वेळी शवपेटीच्या मानकऱ्यांत शरणपूरला शिकलेला जेकब वेनराइट होता. त्याच वर्षी शरणपूरचे मिशनरी विल्यम सॉल्टर प्राइस मोम्बासाला गेले आणि मुक्त केलेल्या गुलामांसाठी नवी वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावावरून तिला फ्रिअर टाऊन म्हणू लागले. तिच्या उभारणीत नाशिकहून गेलेल्या या तरुणांचा मोठा वाटा होता. त्यांच्यातील काही जण इथेच लग्न करून बायकोसह समुद्र ओलांडून गेले.

परत आल्यावर मी एका ठिकाणी चौकशी केली. एक लोखंडी कपाट उघडून दाखवण्यात आले. आत सुतळीने बांधलेले गठ्ठे होते. एकाची पाने दमटपणाने एकमेकांना चिकटली होती, दुसऱ्याच्या कडा वाळवीने खाल्ल्या होत्या. कपाट दाखवणारे गृहस्थ भले होते. त्यांच्याकडे वेळ नाही, पैसा नाही आणि आजवर कोणी विचारलेही नाही. या गठ्ठ्यांत मला हवी ती वर्षे आहेत की नाहीत, हे ते उघडल्याशिवाय कळणार नाही आणि नीट न उघडता ओढाताण केली तर पाने हातात येतील.

1872च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याने पाळकांवर विवाहाची नोंद ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे आणि तो कायदा आजही लागू आहे. म्हणजे या वह्या हा मंडळीचा खासगी पसारा नाही, तो दस्तऐवज आहे. नाशिक परिसरातील सर्व चर्चच्या पंचांना माझी कळकळीची विनंती आहे की, 1900 पूर्वीची जी काही बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची पाने हाती असतील, ती आधी कोरड्या, हवेशीर जागी हलवावीत. फाटलेल्या पानांना चिकटपट्टी लावू नये आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नये. सुती कापडात गुंडाळून आडवी ठेवावीत. महाविद्यालयांतील इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी जाणकारांच्या देखरेखीखाली पानांची छायाचित्रे काढून नावांची सूची केली, तर मूळ वहीला पुन्हा पुन्हा हात लावावा लागणार नाही. मुंबईच्या पुराभिलेख संचालनालयाकडे त्यासाठी मार्गदर्शन मागता येईल. शरणपूर रोड आणि मिशन मळा भागातील जुन्या कुटुंबांकडे त्या काळची पत्रे, फोटो, बायबलच्या कोऱ्या पानांवरच्या जन्म-लग्नाच्या नोंदी असतील, तर त्यांनीही त्या पुढे आणाव्यात.

नवरीच्या आजोबांचे वय आता ऐंशीच्या पुढे आहे. निघताना मी त्यांना कळवीन म्हणून शब्द दिला आहे. पावसाळा सुरू होण्याआधी हे काम हाती घेतले गेले, तर रोज सकाळचे दोन तास द्यायला मी तयार आहे. दवाखान्याच्या वह्या लिहून माझा हात बसलेला आहे.

– एक निवृत्त परिचारिका, शरणपूर, नाशिक