नावं विचारायची राहूनच गेली

पीएचडीसाठी या गावात आले त्या रात्री माझी गादी जिन्याच्या वळणावर अडकली होती. वरच्या मजल्यावरचे दोघं अनवाणीच धावत आले, गादी वाकवून खोलीत पोचवली आणि मी नाव विचारायच्या आत निघूनही गेले. विभागातल्या त्या सीनिअर ताईंचे आभार तर कसे मानू? सामान लावण्याआधी त्यांनी भिंतीवरचा प्रत्येक डाग, गळका नळ, खिडकीची तुटकी कडी, सगळ्याचे फोटो काढून त्याच दिवशी घरमालकांना पाठवायला लावले. जुन्या नुकसानापायी माझं डिपॉझिट कापलं जाऊ नये म्हणून. विद्यावेतन महिना भरल्यावरच हातात पडतं, तोवरचे पैसे जपून ठेव, हेही त्यांनीच बजावलं. आणि दाराशी टेबललॅम्प ठेवून जाणारे तुम्ही, कोण आहात? बल्बसुद्धा लावलेला होता! त्याच उजेडात हे लिहितेय. मनापासून आभार.