संपाच्या नावाने लावलेले अधिभार व मार्गबदलाबाबत तक्रार

दिनांक : 24 नोव्हेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा व निर्यात दस्तऐवज विभाग,
कंटेनर शिपिंग लाइन,
विभागीय कार्यालय, मुंबई

विषय : बुटीबोरी (नागपूर) ते लेशोइश (पोर्तुगाल) या चार कंटेनरवरील कंजेशन अधिभार (बंदरातील गर्दीचा आकार), ट्रान्सशिपमेंट (वाटेतील जहाजबदल) स्टोरेज, डिटेन्शन (कंटेनर उशिरा परत दिल्याचा आकार) व न्हावा शेवा येथील टर्मिनल बदलाचा आकार रद्द करणेबाबत.

महोदय,

आमच्या गिरणीचे सुती धाग्याचे चार 40 फुटी हायक्यूब कंटेनर आपल्या लाइनने ऑगस्टमध्ये न्हावा शेवाहून उचलले. एका पेटीत 1.89 किलोचे 24 कोन (धाग्याच्या शंकूच्या आकाराच्या गुंडाळ्या), म्हणजे निव्वळ 45.36 किलो. प्रत्येक बॉक्समध्ये (कंटेनरमध्ये) 420 पेट्या, चारही मिळून 1680. बुकिंग कन्फर्मेशनवर मार्ग स्पष्ट लिहिला होता : न्हावा शेवा, टँजियर मेड (मोरोक्को) येथे ट्रान्सशिपमेंट, तिथून फीडरने (लहान जहाजाने) लेशोइश. केप ऑफ गुड होपमार्गे जाणार हे आम्ही गृहीत धरले होते आणि त्याबद्दल आमची तक्रार नाही. डिसेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रातील हल्ल्यांमुळे बहुतेक मोठ्या लाइन आफ्रिकेला वळसा घालतात. त्यात दहा ते चौदा दिवस जास्त जातात, हे धरूनच आम्ही एलसीच्या (बँकेच्या पतपत्राच्या) तारखा व डेसिकंटचे (ओलावा शोषणाऱ्या पदार्थाचे) प्रमाण ठरवले होते.

जहाज 29 ऑगस्टला सुटले. 22 सप्टेंबरला, जहाज भर समुद्रात असताना, आपल्याकडून एका ओळीचा ई-मेल आला की ट्रान्सशिपमेंट टँजियरऐवजी रॉटरडॅमला होईल. कारण दिले नव्हते. पर्याय दिला नव्हता. होकार मागितला नव्हता.

नकाशा समोर ठेवून हे वाचावे. केपहून उत्तरेला जाणारे जहाज आधी जिब्राल्टरच्या तोंडाशी येते, मग पोर्तुगालच्या किनाऱ्यालगत वर सरकते, बिस्केचा उपसागर ओलांडते आणि इंग्लिश खाडीतून रॉटरडॅमला पोहोचते. म्हणजे आमचा माल जिथे उतरायचा होता तो किनारा डावलून पुढे गेला आणि फीडरने त्याच वाटेने परत आला. वर्ध्याचा माल वर्ध्यावरून पुढे रायपूरला नेऊन उतरवावा आणि मग उलटा वर्ध्याला आणावा, तसा हा प्रवास झाला. हा निर्णय आपल्या जहाजांच्या वेळापत्रकासाठी आपण घेतला. तो घेण्याचा अधिकार बिल ऑफ लेडिंगच्या (जहाजावर माल घेतल्याच्या पावतीच्या) मागच्या अटींत आपण राखून ठेवला आहे, हेही आम्हाला माहीत आहे. पण अधिकार आपला असेल तर त्याचा खर्चही आपलाच, एवढेच आमचे म्हणणे आहे.

बॉक्स 5 ऑक्टोबरला रॉटरडॅमला उतरले आणि दोन फीडरवर चढले 27 ऑक्टोबरला. मध्ये 22 दिवस गेले. आपल्या बिलात यासाठी दोन रकमा आहेत. पहिली, ‘पोर्ट कंजेशन अधिभार, कामगार आंदोलन’ म्हणून प्रति बॉक्स 350 डॉलर, एकूण 1400 डॉलर. दुसरी, ट्रान्सशिपमेंट बंदरातील स्टोरेज, सात दिवस मोफत धरून पुढचे 15 दिवस.

रॉटरडॅमच्या लॅशरांचा (जहाजावर कंटेनर बांधणाऱ्या कामगारांचा) संप 8 ऑक्टोबरला सुरू झाला आणि आठवडाभरात मिटला. आपण स्टोरेज आकारले आहे ते 12 ते 26 ऑक्टोबरचे. अगदी सढळ हाताने मोजले तरी त्यातले पहिले तीन दिवस संपाचे येतात, बाकीचे बारा येत नाहीत. संपानंतर तुंबलेले काम निस्तरायला वेळ लागतो, हे आम्ही जाणतो. एक दिवस काम थांबले की यार्ड मोकळे व्हायला कितीतरी दिवस जातात आणि धक्क्यावर जागा मिळताना फीडर व बार्ज (सपाट तळाच्या मालवाहू नावा) नेहमी मोठ्या जहाजांच्या मागे राहतात. पण रांगेत शेवटी उभा राहणारा फीडर निवडला कोणी? टँजियरला उतरवले असते तर या रांगेशी आमच्या मालाचा काही संबंधच आला नसता. रॉटरडॅम आणि अँटवर्पची गर्दी तर 2025 च्या उन्हाळ्यापासून जगजाहीर होती. आपल्या 16 ऑक्टोबरच्या ई-मेलमध्ये अँटवर्पच्या पायलटांच्या (जहाजांना बंदरात वाट दाखवणाऱ्यांच्या) आंदोलनाचाही उल्लेख आहे. आमचे बॉक्स अँटवर्पला गेलेच नाहीत. तो फीडर अँटवर्पहून येणार होता आणि तिथे अडकला असे आपले म्हणणे असेल, तर त्या फीडरच्या बर्थिंगच्या (धक्क्याला लागण्याच्या) नोंदी द्याव्यात.

आपल्या प्रतिनिधीने फोनवर दोनदा सांगितले की ‘युनियनमुळे झाले, आमच्या हातात काही नव्हते.’ हे आम्हाला मान्य नाही, आणि ते कामगारांवरही अन्याय करणारे आहे. लॅशरचे काम काय असते हे आपल्या कार्यालयातील प्रत्येकाला ठाऊक असायला हवे. डेकवर थरांवर थर रचलेले कंटेनर लाटांमध्ये घसरू नयेत म्हणून प्रत्येक कोपऱ्यात ट्विस्टलॉक बसवायचे, माणसापेक्षा उंच लोखंडी सळया तिरप्या अडकवायच्या आणि टर्नबकल फिरवून त्या ताणायच्या. हे ओल्या, अरुंद लॅशिंग ब्रिजवर उभे राहून, पावसात आणि रात्रीसुद्धा हाताने करावे लागते. क्रेन कितीही मोठी असो, लॅशरने सळया सोडल्याशिवाय डेकवरचा बॉक्स उचलता येत नाही आणि बांधल्याशिवाय जहाज सुटत नाही. म्हणून या थोड्या माणसांनी हात थांबवले की अख्खे बंदर थांबते. त्यांनी पगारासाठी भांडावे यात गैर काही नाही. त्या भांडणाचे बिल नागपूरच्या गिरणीने भरावे हे गैर आहे.

शिवाय बंदरातील संप सहसा अचानक येत नाही. अमेरिकेच्या पूर्व व आखाती किनाऱ्यावर आयएलए या गोदी कामगारांच्या युनियनने 1 ते 3 ऑक्टोबर 2024 ला काम बंद केले होते. तिथला करार 30 सप्टेंबर 2024 ला संपणार हे तो झाला तेव्हापासून, म्हणजे सहा वर्षे आधी, सगळ्यांना ठाऊक होते. भारतातील प्रमुख बंदरांतील कामगार संघटनांनी 28 ऑगस्ट 2024 पासूनच्या संपाची घोषणा केली होती आणि आदल्या दिवशी वेतनाचा समझोता होऊन तो टळला. त्या संपाची चर्चाही कित्येक दिवस आधीपासून होती. औद्योगिक विवाद कायद्यात बंदरे सार्वजनिक उपयोगिता सेवेत मोडत होती आणि संपाआधी 14 दिवसांची नोटीस सक्तीची होती. मार्ग आखणाऱ्या कंपनीकडे कराराच्या तारखा, नोटिसा आणि वाटाघाटींच्या बातम्या असतातच. ‘आम्हाला कळले नाही’ हे आम्ही म्हणू शकतो, आपण म्हणू शकत नाही.

आपण उत्तरात हेग नियमांचा (समुद्री मालवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय नियमांचा) आधार घेतला आहे. त्या नियमांच्या कलम 4(2) मध्ये संप व टाळेबंदी यांमुळे झालेल्या नुकसानीतून वाहतूकदाराला सूट आहे, हे खरे. पण ती सूट आहे. संपाच्या नावाने नवीन आकार लावण्याची परवानगी त्यात कुठेही नाही. त्याच नियमांचे कलम 3(2) सांगते की माल नीट व काळजीपूर्वक चढवणे, वाहणे, सांभाळणे आणि उतरवणे हे वाहतूकदाराचे कर्तव्य आहे.

सांभाळण्याबद्दलची तक्रार वेगळी आणि गंभीर आहे. बॉक्स 18 ऑगस्टला बुटीबोरीत भरले, भर पावसाळ्यात, हवेत ओलावा असताना. सुती धाग्याचा प्रमाणित ओलावा 8.5 टक्के असतो, म्हणजे धागा स्वतःच पाणी धरून ठेवतो. म्हणून प्रत्येक बॉक्समध्ये एक किलोच्या आठ डेसिकंट पट्ट्या टांगल्या होत्या. हे प्रमाण सुमारे 45 दिवसांचा प्रवास आणि वर थोडी सूट धरून होते. प्रत्यक्षात पहिले दोन बॉक्स 74 व्या दिवशी, 31 ऑक्टोबरला, लेशोइशला पोहोचले आणि उरलेले दोन 8 नोव्हेंबरला. विषुववृत्ताजवळ तापलेला बॉक्स केपच्या थंडीत जातो, पुन्हा तापतो आणि मग ऑक्टोबरच्या गार रॉटरडॅममध्ये उघड्या यार्डात 22 दिवस उभा राहतो. आतली गरम ओलसर हवा थंड छताला लागते, छताच्या नाळ्यांवर थेंब जमतात आणि दाराजवळच्या वरच्या पेट्यांवर गळतात. डेसिकंट तोवर भरून फुगलेले असते, आणखी पाणी ओढत नाही. उशिरा पोहोचलेल्या दोन बॉक्समध्ये दाराकडच्या दोन रांगांतील 38 पेट्या मऊ पडलेल्या आणि त्यांतील कोनांवर पिवळसर डाग आढळले. सर्व्हेचे फोटो सोबत जोडले आहेत. त्यात पेट्यांच्या कडा हाताने दाबल्यावर आत जातात हे स्पष्ट दिसते. आधी आलेल्या दोन बॉक्समध्ये एकही पेटी खराब नाही. एकाच दिवशी, एकाच गोदामात, त्याच माणसांनी भरलेले हे बॉक्स आहेत.

डिटेन्शनचे बिल तर सरळ चुकीचे आहे. चारही बॉक्स एका बिल ऑफ लेडिंगवर होते. आपण दोन फीडरवर ते विभागले आणि दहा मोफत दिवस मात्र चारही बॉक्सना पहिल्या आगमनापासून, म्हणजे 31 ऑक्टोबरपासून मोजले. दुसरे दोन बॉक्स 8 नोव्हेंबरला आले, 15 ला रिकामे करून परत दिले आणि आपण 10 ते 15 नोव्हेंबर असे सहा दिवसांचे डिटेन्शन लावले. बॉक्सच्या स्वतःच्या आगमनापासून मोजल्यास त्यांची मोफत मुदत 17 नोव्हेंबरला संपते. आकार शून्य येतो. बंदरात न आलेल्या बॉक्सची मुदत चालू होऊच शकत नाही.

न्हावा शेवा येथील आकाराबद्दलही लिहितो. रेक (कंटेनरची मालगाडी) नागपूरहून ठरलेल्या टर्मिनलसाठी निघाला होता. 22 ऑगस्टला संध्याकाळी आपण जहाजाचे टर्मिनल बदलले, रेक पोहोचला 23 ला. मग बॉक्स एका टर्मिनलवरून दुसऱ्यावर हलवण्याचे 26,000 रुपये आमच्याकडून घेतले. न्हावा शेवाला पाच कंटेनर टर्मिनल आहेत आणि रेकचे नियोजन टर्मिनलनुसार होते, हे आपल्या रेल्वे डेस्कला आमच्यापेक्षा चांगले माहीत आहे. बदल रेक सुटण्याआधी कळला असता तर आम्ही ते बॉक्स पुढच्या रेकवर टाकले असते किंवा समृद्धीवरून ट्रेलरने पाठवले असते. ट्रेलरचे भाडे रेल्वेपेक्षा जास्त पडते, पण दोन्हीची तुलना करून निर्णय आमचा आम्ही घेतला असता.

या सगळ्याचा फटका आमच्या ग्राहकालाही बसला. एलसी बिल ऑफ लेडिंगच्या तारखेपासून 60 दिवसांची होती. पैसे देय झाले 28 ऑक्टोबरला, माल बंदरात आला 31 ला. त्याने माल पाहण्याआधीच बँकेला पैसे दिले आणि धाग्याविना त्याच्या विणकामाच्या मशिनी थांबल्या त्या वेगळ्याच. पुढच्या ऑर्डरसाठी तो आता दरात सूट मागतो आहे.

आमची मागणी अशी : कंजेशन अधिभार 1400 डॉलर व स्टोरेजचे 15 दिवस पूर्ण रद्द करावेत, डिटेन्शन रद्द करावे, टर्मिनल बदलाचे 26,000 रुपये परत करावेत. 38 पेट्यांचा दावा आपल्या विमा विभागाकडे नोंदवून क्रमांक कळवावा. रॉटरडॅममधील आगमन, यार्डात ठेवणे, फीडरची मूळ व बदललेली तारीख आणि चढवणे यांची बॉक्सनिहाय नोंद द्यावी. ‘कामगार आंदोलन’ अशी दोन शब्दांची नोंद आम्ही स्वीकारणार नाही.

पुढच्या बुकिंगसाठीही लेखी खुलासा हवा आहे. जहाज सुटल्यानंतर ट्रान्सशिपमेंट बंदर बदलल्यास नवीन बंदरातील स्टोरेज व अधिभार लाइनने सोसावा आणि बदल कळताच, 48 तासांच्या आत, कारणासह कळवावे. भारतातील प्रमुख बंदरांतील सध्याचा वेतन करार 31 डिसेंबर 2026 पर्यंतच आहे. त्यानंतर वाटाघाटी लांबल्या तर नागपूरहून रेल्वेने निघालेल्या मालाचे काय करायचे, रेक थांबवायचा की दुसऱ्या बंदराकडे वळवायचा, आणि खर्च कोणाचा, हे आपण आत्ताच ठरवून दर करारात घालावे. 2027 च्या पहिल्या तिमाहीचे बुकिंग आम्ही त्यानंतरच करू.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर न मिळाल्यास ही सर्व कागदपत्रे नौवहन महासंचालनालयाकडे पाठवली जातील. वादातील रकमा सोडून बिलातील बाकीची रक्कम आम्ही मुदतीत भरत आहोत, त्यामुळे आमच्या चालू बुकिंगचे बिल ऑफ लेडिंग अडवून ठेवू नये.

आपले विश्वासू,
निर्यात विभाग,
सूत गिरणी, बुटीबोरी एमआयडीसी, नागपूर

सोबत : बुकिंग कन्फर्मेशन, 22 सप्टेंबर व 16 ऑक्टोबरचे ई-मेल, बिलांच्या प्रती, बॉक्स परत दिल्याच्या पावत्या, सर्व्हेचे फोटो.