मंजुरीच्या अर्जाची पोच कोण देणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी वकील नाही. एका तालुक्याच्या कोर्टासमोर, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत मी २७ वर्षं एका वकिलांकडे टायपिंग केलं. बाररूममधले बाकीचे वकील ज्या कामांना हात लावत नसत, ती आमचे वकीलसाहेब घेत. कोठडीत मारलं, खोटा पंचनामा केला, अशा सरकारी माणसांविरुद्धच्या फिर्यादी. परभणीत न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावलेल्या सोमनाथ सूर्यवंशी यांच्या प्रकरणात जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने पोलिसांविरुद्ध गुन्हा नोंदवायचा आदेश दिला, तेव्हापासून हे पत्र माझ्या मनात आहे. नुसता गुन्हा नोंदवून घ्यायला त्यांच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं. पण आमच्या खोलीत आलेली बहुतेक माणसं ज्या उंबऱ्याला अडखळली तो याच्या पुढचा होता, खटला चालवायच्या मंजुरीचा.

फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७ मी इतक्या वेळा टाइप केलंय की अजून तोंडपाठ आहे. लोकसेवकाने कर्तव्य बजावताना, किंवा बजावतो आहे असं दाखवून, गुन्हा केल्याचा आरोप असेल, तर शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय दखल घेऊ शकत नाही. त्यातल्या ‘असं दाखवून’ या शब्दांवर साहेबांची अख्खी वकिली गेली. कोर्टात ते विचारत, “पट्ट्याने मारणं हे कुठल्या नियमातलं कर्तव्य आहे, तेवढं मला दाखवा.” बरेचदा समोरून उत्तर यायचं नाही आणि तरीही आदेश व्हायचा, मंजुरी आणा.

१९९६ सालचं एक काम मी विसरू शकत नाही. मार्केट यार्डातल्या एका हमालाला चोरीच्या संशयावरून दोन रात्री डांबून मारलं होतं. त्याची बायको आमच्याकडे आली ती पाचव्या महिन्यात. आधी दवाखाना, मग भीती, मग पोटापाण्याची ओढाताण. तिला काय माहीत की मुंबई पोलीस अधिनियमात कलम १६१ आहे आणि पोलिसांविरुद्ध फिर्याद सहा महिन्यांत आली नाही तर ती ऐकूनच घेतली जात नाही! मार खाल्लेला माणूस सहा महिने तर नीट उभा राहायलाच घेतो. त्या रात्री साडेदहापर्यंत बसून आम्ही फिर्याद तयार केली. कोर्टाने जबाब घेतले आणि मंजुरी मागितली.

मंजुरीच्या अर्जाच्या चार प्रती मीच काढल्या. शासनाच्या कार्यालयाला रजिस्टरने पाठवल्या. पोचपावतीचं कार्ड आलं, त्यावर सही होती पण तारीख नव्हती, नाव वाचता येत नव्हतं. स्मरणपत्र पाठवलं, त्याचं तर कार्डही आलं नाही. तिसऱ्या खेपेला मी स्वतः एसटीने गेले. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, कागद ठेवून जा, शिक्का आतल्या टेबलात आहे. मी म्हटलं, शिक्का बाहेर येईपर्यंत इथेच बसते. साडेचारला माझ्या प्रतीवर तारखेसह आवक शिक्का पडला. तेव्हा मला काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं होतं. १९ महिन्यांनी उत्तर आलं, ‘प्रकरण विचाराधीन आहे.’

पुढे २००० साली केरळमधल्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की माणसाला कोठडीत ठेवून छळ करणं हा पोलिसाच्या कर्तव्याचा भाग धरता येणार नाही. तो निकाल हातात घेऊन साहेब जिना उतरले ते मला अजून दिसतं. आमच्या कोर्टाने मग मंजुरीशिवाय समन्स काढलं. पण जखमांचा दाखला देणारे डॉक्टर बदलून गेले होते, सोबत पकडलेला माणूस गाव सोडून गेला होता. आरोपी सुटले. ती बाई साहेबांना एवढंच म्हणाली, “तुम्ही तरी माझं खरं धरलंत.”

खटल्यापासून असो की भरपाईपासून, सरकारी माणसांचं हे संरक्षण किती जुनं आणि किती चिवट आहे तेही सांगते. १९४७ च्या सप्टेंबरात अमृतसरच्या एका सराफाला मीरतमध्ये पोलिसांनी पकडून त्याचं १०३ तोळ्यांवर सोनं जप्त केलं. ठाण्याच्या मालखान्यातून हवालदाराने ते पळवलं आणि तो पाकिस्तानात निघून गेला. सराफाने भरपाईसाठी सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि तिथे तो हरला. अटक आणि जप्ती ही राज्याची सार्वभौम कामं, म्हणजे फक्त राज्यसत्ताच करू शकते अशी, त्यांत झालेल्या हलगर्जीची भरपाई मागता येत नाही, असं ठरलं. कस्तुरीलाल खटला तो हाच. निकाल लिहिला आपल्या साताऱ्यात जन्मलेल्या सरन्यायाधीश गजेंद्रगडकरांनी. मात्र याच निकालात त्यांनी म्हटलं होतं की हे संरक्षण आवरणारा कायदा करण्याचा विधिमंडळांनी गांभीर्याने विचार करायला हवा. विधी आयोगाने तर १९५६ मध्येच तशी शिफारस केली होती. १९६५ आणि १९६७ मध्ये संसदेत विधेयकं आली, पण कायदा झाला नाही. तो आजही नाही.

मग वाट काढली ती वकिलांनी. निर्दोष सुटल्यावरही १४ वर्षं बिहारच्या तुरुंगात राहिलेल्या रुदुल साह यांच्यासाठी कपिला हिंगोरानी सर्वोच्च न्यायालयात गेल्या. १९८३ मध्ये न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांच्या खंडपीठाने सरकारला भरपाई द्यायला लावली, आधीच्या ५ हजारांवर आणखी ३० हजार रुपये. १९९३ मध्ये ओडिशाच्या नीलावती बेहेरांना दीड लाख मिळाले. २२ वर्षांचा त्यांचा मुलगा पोलिसांनी नेला आणि दुसऱ्या दिवशी रुळांवर सापडला. त्यांनी न्यायालयाला साधं पत्र लिहिलं होतं, त्याचीच याचिका झाली. मूलभूत हक्कांचा भंग झाला असेल तर सार्वभौमत्वाचं कारण चालणार नाही, हे तिथे स्पष्ट झालं. पण हे पैसे सरकारच्या तिजोरीतून, म्हणजे तुमच्या-माझ्या खिशातून जातात. ज्याने मारलं त्याच्यावर खटला भरायचा म्हटलं की पुन्हा मंजुरी.

१ जुलै २०२४ पासून १९७ च्या जागी नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८ आलं. त्यात एक चांगली गोष्ट आहे. मंजुरीची विनंती मिळाल्यापासून १२० दिवसांत शासनाने निर्णय घेतला नाही, तर मंजुरी दिली असं मानलं जाईल. ही मानीव मंजुरी वाचून मला भरून आलं. आज साहेब असायला हवे होते. पण लगेच ती खिडकी आठवली. १२० दिवस मोजायचे ते विनंती मिळाल्यापासून. ती मिळाल्याची तारीख कोण लिहून देणार? तालुक्यातून आलेल्या बाईने शिक्क्यासाठी साडेचारपर्यंत बसायचं का?

म्हणून एक विनंती. आपल्या मंत्रालयातील प्रतिनिधीने शासनाला विचारावं की कलम २१८ खाली आजवर मंजुरीच्या किती विनंत्या आल्या, कितींना तारखेसह पोच दिली, कितींवर १२० दिवसांत निर्णय झाला आणि किती मानीव मंजुऱ्या झाल्या. उत्तर मिळालं तर छापावं, न मिळालं तर तेही छापावं. माझ्याकडे १९९७ च्या शिक्क्याची ती प्रत अजून आहे. बातमीसाठी हवी असल्यास घेऊन येईन.

आपली,
एक निवृत्त टंकलेखिका
(नाव व पत्ता संपादकांकडे)